बांध कोरणारा शेजारी: डोकं शांत ठेवून वाद कसा हाताळायचा

वडिलांच्या मागे शेत अंगावर आलेले, नोकरी सोडून गावाकडे परतलेले, पुण्या-मुंबईत राहून सुट्टीच्या दिवशी रान बघायला येणारे असे बरेच जण हल्ली भेटतात. खतं, बियाणं, ठिबक हे सगळं ते विचारून विचारून शिकतात. अडतात ते बांधावर. शेजाऱ्यानं बांध कोरला (नांगरताना हद्दीचा बांध खणत आपल्या रानात आत शिरला), वहिवाटीच्या रस्त्यावर काटे टाकले, त्याच्या रानातलं पाणी आपल्या पिकात सोडलं, तर करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग एक तर माणूस जागेवरच हमरीतुमरीवर येतो, नाहीतर 'जाऊ दे' म्हणत वर्षानुवर्षं आतल्या आत कुढत बसतो.

बांधावर डोकं शांत राहतं ते स्वभावापेक्षा पुढची पायरी ठाऊक असल्यामुळे, असं माझं मत आहे. उद्या कुठल्या कार्यालयात कुठला अर्ज द्यायचा हे ज्याला माहीत आहे, त्याला आज आवाज चढवावा लागत नाही. म्हणून खाली पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत. क्रम मोडू नका.

पहिला दिवस: फक्त बघा आणि मागे फिरा

बांध कोरलेला लक्षात येतो तो बहुधा उन्हाळी नांगरट झाल्यावर किंवा जूनच्या तोंडावर, पेरणीच्या घाईत. डोक्यावर ऊन, वर ढगांकडे लक्ष, मजूर खोळंबलेले, बियाण्याला पैसे घातलेले. शेजाऱ्याचीही हीच अवस्था असते. मारामाऱ्या या दिवसांत होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा दोन-चार फुटांवरून होतात. तेव्हा ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी शेजाऱ्याकडे जायचं नाही. बांधाचे फोटो काढा, शक्य असेल तर विहीर, विजेचा खांब किंवा जुनं झाड फोटोत येईल असे काढा, आणि घरी या.

शेतकऱ्याच्या हातात खुरपं, कोयता, कुऱ्हाड असणं रोजचंच आहे. पण बांधावर वाद सुरू झाला की समोरच्याला ते अवजार वाटत नाही. बोलायला जाताना हात मोकळे असू द्या. सोबत भाऊ, मेहुणा, मित्र असा जथा नेऊ नका. तुम्ही चौघं गेलात तर तो आठ जण बोलावतो, आणि मग दोन माणसांत मिटणारी गोष्ट दोन घरांच्या इभ्रतीची होते. समोरचा प्यालेला असेल तर एक शब्दही बोलायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: आपला ट्रॅक्टर घालून बांध 'परत जागेवर' सरकवू नका. त्या क्षणी तक्रारदार तो होतो आणि तुम्ही अतिक्रमण करणारे. हातातली बाजू अशी घालवलेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.

शहरात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तुम्हाला बातमी फोनवर कळते. 'साहेब, तुमचा बांध गेला बघा,' असं सांगणाऱ्याला कधी तुमची कळकळ असते, तर कधी शेजाऱ्याशी त्याचं स्वतःचं जुनं भांडण असतं. फोनवर लगेच काही बोलू नका. तुम्ही रागात बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत मीठमसाला लावून शेजाऱ्याच्या अंगणात पोचतं. 'बरं, आलो की बघतो,' एवढंच म्हणा.

टेप घ्या आणि मोजा

राग किती खरा आणि किती फुगलेला, हे टेपशिवाय कळत नाही. बांधाच्या लांबीवर तीन-चार ठिकाणं निवडा. प्रत्येक ठिकाणी कुठल्यातरी न हलणाऱ्या खुणेपासून बांधाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. खुणेचा दगड, विहिरीचा कठडा, सिमेंटचा खांब चालेल. बाभळीचं बुड चालेल, फांदी नको. ही कायदेशीर मोजणी नाही; पुढच्या वर्षी 'अजून सरकलं का?' या प्रश्नाला नुसत्या संशयाऐवजी आकड्यात उत्तर मिळावं म्हणून हे करायचं.

आता हिशोब करून बघू. बांध 300 फूट लांब आहे आणि नांगराचं तास, म्हणजे नांगरानं पडणारी चर, 9 इंच आत आलं असं धरा. एका वर्षात 225 चौरस फूट गेलं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. दरवर्षी एकच तास ओढलं गेलं तर पाच वर्षांत गुंठाभर जमीन जाते. म्हणजे यंदाचं नुकसान डोकं फोडून घेण्याइतकं नाही, पण गप्प बसण्याइतकंही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या की पुढचं बोलणं सोपं जातं. शिवाय मुदत कायदा, 1963 प्रमाणे कुणी उघडपणे, मालक म्हणून, तुमच्या हक्काविरुद्ध सलग 12 वर्षं ताबा ठेवला तर तो त्या जमिनीवर हक्क सांगू शकतो. शांत राहणं आणि सोडून देणं यांत फरक आहे, तो इथे कळतो.

मोबाईलवरच्या मोजणीच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवून भांडायला जाऊ नका. मोबाईलच्या जीपीएसची चूक काही मीटरची असू शकते आणि बांधाचा वाद फुटांचा असतो.

कोरलं कुणी, हे आधी ठरवा

पूर्वी बैलाच्या नांगरामागे शेतकरी स्वतः चालायचा. आता नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. ट्रॅक्टरवाला एकराप्रमाणे किंवा तासाप्रमाणे पैसे घेतो, त्याला पुढच्या रानात पोचायची घाई असते, बऱ्याचदा रात्रीच्या दिव्यावर काम चालतं, आणि पलटी नांगर बांधाच्या कडेला लागला की एक ढेकूळ निघतंच. मालक तेव्हा घरी झोपलेला असतो. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. मुद्दाम दरवर्षी तास आत ओढणारेही आहेत. पण पहिल्या भेटीत तुम्ही हे गृहीत धरून बोललात तर शेजाऱ्याला मान राखून माघार घ्यायला जागा मिळते. ती जागा ठेवलीत तरच तो माघार घेईल.

बोलायला जाणं

या पायरीवर घाई करू नका, कारण बहुतेक वाद इथेच मिटतात किंवा इथेच चिघळतात.

जागा निवडा. पारावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर हा विषय काढायचा नाही. चार माणसांसमोर कुणीही चूक कबूल करत नाही. बांधावरही नको. त्याच्या घरी जा, किंवा गोठ्याकडे. संध्याकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून झालं की माणूस जरा निवांत असतो. ती वेळ चांगली.

नात्यानं हाक मारा. गावात शेजारी कुणाचा तरी आबा, तात्या, अण्णा, दादा असतोच. शहरातून आलेल्यांना हे ओशाळवाणं वाटतं आणि ते 'पाटील, तुमच्याशी बोलायचं होतं' असं कोरडं सुरू करतात. समोरचा तिथेच सावध होतो. आधी पावसाचं, गुरांचं, पोरांच्या शाळेचं बोला. मग असं काहीतरी:

'आबा, यंदा नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाला बांधाला जरा जास्तच लागलाय वाटतं. तुम्ही बघितलं का? उद्या सकाळी दोघं मिळून एकदा बघून घेऊ.'

यात आरोप नाही, आणि विषय सोडलेलाही नाही. 'दोघं मिळून' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. बघायला तो तुमच्यासोबत आला की निम्मं काम झालं.

काय बोलायचं नाही, ते जास्त पक्कं लक्षात ठेवा. 'तुमची सवयच आहे', 'तुमच्या वडिलांनीही आमच्या वडिलांना असाच त्रास दिला', 'कोर्टात खेचतो' ही वाक्यं तोंडातून जाऊ द्यायची नाहीत. एका बैठकीत एकच विषय. बांधाचं बोलताना मागच्या वर्षी त्याच्या शेळ्यांनी खाल्लेला हरभरा काढायचा नाही.

तो चढ्या आवाजात बोलायला लागला तर? उभे असाल तर खाली बसा. प्यायला पाणी मागा. पाणी मागितल्यावर शिवी देणं आपल्याकडे जमत नाही, आणि तेवढ्यात तुमचाही श्वास जागेवर येतो. आवाज नेहमीपेक्षा खाली आणा. तरी थांबत नसेल तर 'आबा, आज राहू द्या, मी दोन दिवसांनी येतो' म्हणून उठा आणि खरंच दोन दिवसांनी जा. न गेल्यास तुम्ही घाबरलात असा अर्थ निघतो.

बऱ्याचदा समोरून आव्हान येतं: 'जा, मोजणी आण जा!' नवख्या माणसाला हा अपमान वाटतो. वाटून घेऊ नका. त्यानं तुम्हाला हवा तोच मार्ग मान्य केला आहे. 'बरं आबा, मोजणी घालतो. तुम्ही हजर राहा म्हणजे झालं,' असं साक्षीला माणूस असताना म्हणा.

आणखी एक. पुरुषांचं बोलणं बंद झालेल्या घरांतही बायकांचं येणं-जाणं बहुधा चालू असतं. हळदीकुंकू, बाळंतपण, मयत यात घरं एकमेकांना लागतात. तुमच्या आईचं किंवा बायकोचं त्या घरात ऐकलं जात असेल तर तिला या कामात विचारा. नुसता निरोप पोचवायला नव्हे, तिचं मत घ्यायला.

शेजारी भावकीतलाच असेल तर

गावाकडे बांधाला बांध लागून असलेला माणूस बऱ्याचदा चुलता किंवा चुलतभाऊच असतो. तिथे बांध हे निमित्त असतं. खाली आजोबांच्या वेळची तोंडी वाटणी, कुणाला विहिरीकडचं रान गेलं आणि कुणाला मुरमाड, कुणी आजारपणात बघितलं आणि कुणी नाही, हे सगळं साठलेलं असतं. नव्यानं शेतीत आलेल्यानं हे जुनं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला नकार द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं. 'काका, मागचं मला माहीत नाही, पुढचं आपण नीट करू' हे वाक्य तरुण माणसाच्या तोंडी शोभतं, आणि ते ऐकलं जातं.

कागदावर एक गोष्ट तपासा. सातबारा सामाईक असेल, म्हणजे एकाच गटावर सगळ्यांची नावं असतील आणि पोटहिस्से (प्रत्येकाचे वेगळे नोंदलेले तुकडे) पडलेले नसतील, तर 'माझा बांध' कागदावर अस्तित्वातच नाही. आधी वाटणी लागते. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. हे न करता हद्दीवर भांडण म्हणजे दोघांचाही वेळ फुकट.

कागद जमवा

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन मिळतात; डिजिटल सहीचा सातबारा काढून ठेवा. गटाचा नकाशा बघा. फेरफार काढा, त्यात जमीन कुणाकडून कशी आली ते कळतं. पोटहिस्सा पडलेला असेल तर फाळणीचा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मागा. सातबारा वाचताना लागवडीखालचं क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वेगळे बघा. अनेक जण एकूण क्षेत्रातून नांगरलेली जमीन वजा करतात आणि उरलेली शेजाऱ्यानं खाल्ली असं ठरवून मोकळे होतात. त्यात पोटखराबा विसरलेला असतो. आणि क्षेत्र किती हे सातबारा सांगतो, हद्द जागेवर कुठून जाते हे तो सांगत नाही.

मोजणी

हद्द कायम मोजणीसाठी, म्हणजे शेताची हद्द जागेवर दाखवणाऱ्या सरकारी मोजणीसाठी, अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो. आता तो ऑनलाइन भरता येतो. फी भरून तारीख मिळते, आणि लगतच्या खातेदारांना कार्यालय नोटीस काढतं. ही नोटीस तुमच्या नावानं शेजाऱ्याच्या हातात पडण्याआधी त्याला स्वतः जाऊन सांगा. सरकारी कागद अचानक दारात आला की बोलण्यात आलेली नरमाई एका दिवसात जाते.

उभं पीक असताना मोजणी अवघड जाते, म्हणून रान मोकळं असण्याचा काळ धरून बराच आधी अर्ज टाका. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला (मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला) सगळ्या जुन्या खुणा दाखवा, हद्दीला लावायला दगड आणि एखादा मजूर तयार ठेवा. शेजारी सही करायला तयार नसेल तर भांडू नका. तसं नमूद करून काम पुढे जातं. मोजणी चालू असताना मध्ये मध्ये 'इकडे धरा, तिकडे धरा' करू नका. त्यानं काही बदलत नाही, फक्त वातावरण तापतं.

आणि मनाची एक तयारी करून जा. रेषा तुमच्या बाजूला आत येऊ शकते. तुमच्या घरानंही कधीतरी तास ओढलेलं असू शकतं. ही शक्यता आधीच मान्य करून गेलेल्या माणसाचा आवाज त्या दिवशी चढत नाही, असं मी पाहिलं आहे.

नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. ती जपून ठेवा. निकाल पटला नाही तर दोघांपैकी कुणालाही निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) आणि त्यानंतर सुपर निमताना मोजणी (त्याच्याही वरच्याकडून) मागता येते. हे शेजाऱ्यालाही सांगा. पुढे दार उघडं आहे हे कळलं की माणूस बांधावर लढत नाही. मोजणीवाला हद्द दाखवतो, ताबा काढून देत नाही, हेही समजून घ्या.

तरीही मिटत नसेल तर

गावातले वाद गावातच मिटवणारी तंटामुक्त समिती तुमच्याकडे असेल तर आधी तिच्याकडे लेखी अर्ज द्या. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. काही गावांत समिती कागदावरच उरली आहे, काही गावांत खरंच बसून ऐकते. तुमच्या गावात कसं आहे ते विचारा.

वाद रस्त्याचा असेल तर वाट वेगळी आहे. चालू वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाण्याच्या वाहत्या ओघाला अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'दिवाळी होऊ द्या, मग बघू' करत बसलात तर ही मुदत निघून जाते. मुळात रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागायचा.

काही ठिकाणी असं दिसतं की याची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, आणि दोघं वर्षानुवर्षं तशीच कसत आहेत. त्यांच्यासाठी राज्य सरकारनं जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. परस्परांच्या जमिनीचा ताबा किमान 12 वर्षांचा असेल तर अदलाबदल दस्तासाठी नाममात्र 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी लागते. तलाठ्याचा पंचनामा लागतो. योजनेला मुदत असते, म्हणून जाण्याआधी ती चालू आहे का ते तलाठ्याला विचारा.

ताबाच परत हवा असेल आणि समोरचा ऐकत नसेल तर दिवाणी न्यायालय. तिथेही लोकअदालतीत तडजोड करता येते; तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

धमकी, अंगावर येणं, पिकाला आग लावणं, कपाशीशेजारी वारा असताना मुद्दाम 2,4-डी फवारणं अशा गोष्टी सुरू झाल्या की ही बांधाची बाब राहत नाही. कपाशी आणि द्राक्ष या तणनाशकाच्या वाऱ्यानंही आकसतात, तेव्हा लगेच फोटो काढा, कृषी सहायकाला बोलवा. जिवाला धोका वाटला तर 112. पोलिस ठाण्यात जाताना घडलं तेवढंच सांगा, वाढवून सांगू नका. साध्या शिवीगाळीची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते, आणि शांतताभंगाची शक्यता दिसली तर पोलिस अनेकदा दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126 त्यासाठी आहे. पहिल्या दिवशी तुम्ही हात मोकळे ठेवून मागे फिरला असाल तर त्या नोटिशीला उत्तर देणं तुम्हाला सोपं जातं.

हद्द ठरल्यावर

दगड रोवताना शेजाऱ्याला बोलवा आणि खर्च निम्मा-निम्मा करायचं सुचवा. नाहीच म्हणाला तर सगळा तुम्ही करा. पण दगड दोघांच्या समोर रोवले गेले पाहिजेत. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत जाऊ द्या, वर पांढरा रंग लावा, प्रत्येकाचा फोटो काढा. बांधावर झाड लावायचं असेल तर त्याच्या पिकावर सावली कुठल्या बाजूनं पडेल ते आधी बघा आणि विचारून लावा. आणि पुढच्या उन्हाळ्यात नांगरटीआधी दोन माणसांना फोन करा: एक शेजाऱ्याला, आमची नांगरट अमुक दिवशी आहे म्हणून, आणि दुसरा ट्रॅक्टरवाल्याला, बांधापासून दोन फूट सोडून धर, तेवढं आम्ही कुदळीनं करू, असं सांगायला.